दोन ओ

शाहूपुरीत गुळाचा सौदा अडला होता.
काट्यावरचा आकडा मधेच कुठंतरी हरवायचा,
पावती कधी निघायची, कधी नाही.
चौगुले अडते म्हणाले, "बाई, वायर बदला की."
सगळे आधी वायरच बदलतात.

मी तळापासून चढत गेले.
आधी तार, मग तारेवरचा दिवा,
मग पत्ता, मग पत्त्यावरचं बोलणं.
स्विचवर गुळाच्या बोटांचे ठसे,
मुंग्या आत-बाहेर,
तरी दिवा हिरवा.

पिंग केलं. उत्तर आलं.
पुन्हा केलं. आलं.
तिसऱ्याला शांतता,
चौथ्याला परत "आहे की".
तुटलेली वाट अशी वागत नाही,
ती एकदाच मरून पडते.

बाळगोंडा हमाल रव्यांना टेकून बघत होता.
"काय इचारताय त्येला?"
म्हटलं, हा पत्ता कुणाचा, एवढंच.
भर पेठेत उभं राहून हाक मारायची,
ज्याचा असेल त्यानं ओ द्यायची
आणि बाकीच्यांनी ती खरी मानायची.
कागद नाही, साक्षीदार नाही.
"म्हंजे इस्वासावर."
विश्वासावरच.

तेवढ्यात अडत्यांनी गादीवरून हाक मारली, "शीतल!"
खतावणीतून मान वर करून एक मुलगी म्हणाली, "ओ."
ट्रकच्या फाळक्यावरून एक मिशीवाला म्हणाला, "ओ."
चहा कुणी सांगायचा, बिल कुणी आणायचं,
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मी यादी उघडली.
पत्ता एकच,
आणि त्याच्यासमोर दर मिनिटाला वेगळं यंत्र.
परवा माळ्यावर कॅमेरा बसवणाऱ्यानं
हातानंच नंबर घातला होता,
लक्षात ठेवायला सोपा म्हणून.
काट्यासाठी निघालेला निरोप
अधूनमधून कॅमेऱ्याच्या दारात जायचा.
कॅमेरा वजनाचं काय करणार?
तो नुसता बघत होता.

त्याला नवा पत्ता दिला.
वहीत लिहिलं: काट्याला हा, प्रिंटरला हा,
शंभरच्या पुढचे राऊटरनं वाटावेत.
खरं तर ही वही पहिल्या दिवशी लिहायची असते.
पहिल्या दिवशी सगळ्यांना घाई असते.

पावत्या सुटल्या. सौदा पुढे सरकला.
चौगुल्यांनी पुन्हा हाक मारली, "शीतल!"
दोन ओ.
त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.
बाळगोंडानं तळहातावर गुळाचा खडा ठेवला,
तो तोंडात टाकून मी लॅपटॉप मिटला.
झाकणावर आता माझेही ठसे.