निळी संत्री

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या रांगेसमोर
एक चित्र टांगलेलं होतं.
ताटलीत पाच संत्री, पाचही निळी,
खालचं कापड मात्र नारिंगी,
जणू कुणी रंगांची अदलाबदल करून
कळायच्या आत जिना उतरून गेला.
कोपऱ्यात सही: वि. ढो.
पुढचं चौकटीत दबलेलं. ढोमणे, ढोके, ढोबळे,
कुणीही असेल.

अकरा दिवस मी त्या बाकावर होते,
आईची फाईल मांडीवर.
अकरा दिवसांत माणूस कुणाचाही भक्त होतो.
वॉर्डबॉयला विचारलं, तर म्हणाला,
"मी लागलो तवापासून हे असंच लटकून राहिलं, ताई."

आता डिसेंबर. मोहननगर. नाताळला चार दिवस.
सदरच्या ठेल्यावरून दोन डझन आणली.
नागपुरी साल, फोडींशी तिचं फारसं सख्य नसतंच,
अंगठा लावला की टोपीसारखी निघते.
अर्ध्या अर्ध्या टोप्या वाट्यांवर पालथ्या घातल्या,
गच्चीवर वाळवल्या,
रात्री दंवाच्या भीतीनं आत, सकाळी परत वर.
मग दोन-दोन जुळवून सुईदोऱ्यानं शिवल्या,
आणि नीळ. कपड्यांचीच, घरातली.

पहिली सहा शेणाच्या गोवऱ्यांसारखी झाली.
योनाथान दारातून बघत होता.
"काय करून राहिली तू? संत्र निळं असते का कधी?"
मी बोलले नाही. गोवऱ्यांकडे बघत बसले.
निळं नारिंगीवर टिकत नाही, मातीच होते त्याची,
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग आठवला चित्रावरचा तो पाण्याचा ओघळ,
पाचव्या संत्र्याचा रंग जिथं सुटला होता,
आणि खाली पांढरं.
पांढरं!
म्हणजे वि. ढों.नीही आधी एक हात सफेदा दिला होता,
वाळेपर्यंत थांबले होते,
बिडी ओढली असेल, नसेल.
त्या दिवसांत मी तो डाग बघून चुकचुकले होते.

तिर्सानं बर्डीहून पोस्टर कलरची बाटली आणली.
दोन हात पांढरं, वर नीळ.
रात्री साडेअकराला पाच संत्री तयार,
निळी, अगदी तशीच उद्धट निळी.
आईच्या नारिंगी सहावारीचा पदर जळका होता,
तेवढा कापला, उरलेली टेबलावर अंथरली.
ताटली मांडली. मागं सरकून पाहिलं.
माझे हात कोपरापर्यंत
धोब्याच्या हौदातून काढल्यासारखे.

आईला खुर्चीसकट आणलं.
तिनं चष्मा पुसला. मोजलं. पुन्हा मोजलं.
"एक कमी आहे."
नाही गं, पाचच होती, मी अकरा दिवस पाहिलीत.
"तू बाकावरून पाहिलीस.
मला चाकाच्या खुर्चीवरून न्यायचे ना, खालून दिसायचं.
ताटलीच्या मागं एक अर्धं होतं.
सोललेलं."

मला काय बोलावं सुचेना.
योनाथान हसला, मग हसायचा थांबला.

एक टोपी शिल्लक होती, न जुळवलेली.
तिला पांढरं द्यायला ब्रश उचलला,
तर आई म्हणाली, "ती नको रंगवू. ती तशीच होती."

ती आता ताटलीमागं आहे.
परवा केक आणि करंज्यांच्या गर्दीत
पौलस काका, वहिनी, चर्चची चार माणसं येतील,
वाकून बघतील, पाच मोजतील,
कुणीतरी विचारेल, हे कुणाचं डोकं,
आणि आई आपल्या खुर्चीतून
आधी करंजीचा तुकडा तोंडात टाकेल.