चार ते पंधरा

हरभट रोडच्या मागच्या बोळात
माझं दुकान होतं, पाटी नसलेलं.
शारदा मिलची टीम
मी शिवलेलं अंगात घालून बास्केटबॉल खेळायची.

रंग मळका लाल. डाळिंबाचा नव्हे,
भिंतीवर वाळलेल्या पिंकेचा म्हणा हवं तर.
मिलच्याच रंगखात्यात बुडून यायचं कापड
आणि पहिल्या धुण्यात रंग सोडायचं,
पांढरी किनार गुलाबी होऊन जायची.
मिरजेची पोरं ओरडायची, "आले गुलकंदवाले!"
मॅनेजरनं विचारलं, रंग बदलायचा का?
भूपाल बिरनाळे म्हणाला, राहू दे.
आता आपण गुलकंदवालेच.

नंबर चारापासून पंधरापर्यंत.
एक, दोन, तीन कुणी घालत नसे.
का, ते मी विचारलं नाही.
वाटायचं, देवासाठी ठेवले असतील,
पहिली भाकरी बाजूला ठेवतात तसे.
सहा आणि नऊ एकाच साच्यातून निघत.
आठ कापताना कात्री रडवायची.
अकरा सोपा, दोन काठ्या.
तो अशरफ मुजावरला, कारण तोही तसाच.
भूपालला नऊ. त्याची बंडी चार बोटं जास्त लांब,
तरी उडी मारली की पोट दिसायचंच,
आणि समोरच्या गच्चीवर पदर तोंडाला जायचे.

छातीवर चाती,
पिवळ्या रेशमानं हातानं भरलेली.
एकेकीला दीड तास.
दिवसभर साच्यावर सूत जोडणारी माणसं
संध्याकाळी चार दिव्यांखाली अशी दिसायची
की मुकादमही अहो-जाहो करायचा.

मग मिल बसली.
टीम एका पतपेढीनं घेतली.
माणसं तीच, कपडेही तेच;
मला सांगितलं, चाती उसवा, शिक्का लावा.
बारा बंड्या, दोन रात्री, दाढीचं पातं.
धागा निघाला. पण त्याखालचं कापड
उन्हाला कधी भेटलंच नव्हतं.
तिथं जुना लाल तसाच,
आत्ताच बुडवून काढल्यासारखा,
चातीच्या आकाराचा.
पतपेढीचा शिक्का गोल, आणि लहान.
वर टोक, खाली शेपूट
दिसतच राहिलं.
चेअरमन म्हणाले, हे काय हो, मास्तर?
म्हटलं, दोन धुण्यांत जाईल साहेब.
गेलं नाही.
पतपेढी गेली.

आता नातू घालतो लाल बंडी,
जाळीची, चकचकीत,
छातीवर शिंगं रोखलेला बैल.
कुठल्या गावचा रे? तर म्हणतो, अमेरिकेचा.
म्हटलं, अमेरिका गाव नव्हे.
बेंदराला याला पुरणपोळी ठेवू का, विचारलं.
तो हसला नाही.
उलटून पाहिली, नंबराला टाकाच नाही, सगळं छापलेलं.
कापड वाईट नाही. घाम धरत नाही.
आमचं धरायचं.
सामना झाला की पिळून काढायचे पोरं नळावर,
आणि गटार गुलाबी वाहायचं
पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत.

गेल्या थंडीत भूपालची सून आली.
पिशवीत दोन लुगडी, एक धोतर, एक बंडी.
म्हणाली, बाळाला गोधडी करायची,
मामंजींचं काहीतरी असावं तिच्यात.
गोधडी मी शिवत नाही. तरी ठेवून घेतली.
नऊच्या कमरेला पुराच्या पाण्याची रेघ होती,
गाळाची, एकोणीस सालची.
ती धुतली नाही.
पाठ मध्ये लावली, छाती उशाला,
म्हणजे चातीची सावली
बाळाच्या हनुवटीखाली येईल.

नेताना तिनं गोधडी फिरवून फिरवून पाहिली.
सरळ कसं धरायचं, काका? नऊ का सहा?
म्हटलं, त्याचं त्याला ठरवू दे.

एक पट्टी उरली होती.
शटर ओढलं आणि तिचा तीन कापला.
माझ्या सदऱ्याला, खिशाच्या आतून,
बाहेर टाका दिसणार नाही असा लावला.
देवाचा असला
तर येईल मागायला.