वाटा

सगुणमामा रापणीच्या दोराला कधी हात लावत नसे.
सर्जेकोटच्या कड्यावर उकिडवा बसून
नुसता पाण्याचा रंग बघायचा.
तारल्यांची तांबूस झाक सरकली की उठायचा.
लाल फडका डावीकडे, अजून डावीकडे, मग खाली:
होडी तिथे वळायची, जाळं तिथे पडायचं.
वाटणीला कोणीतरी पुटपुटायचंच,
ह्येका कित्याक वाटो? ह्येना काय ओढल्यान?

आता त्याचा अर्धा जबडा नाही.
बांबोळीला काढला. बोलणं त्याच्याबरोबर गेलं.
उरलीय नातवाची पाटी.

मी सुट्टीवर आलेली. पाटीवर प्रश्न:
तुजा काम काय, ता सांग.

सांगते. पेशीत एक मोठी वही असते, मामा.
तिच्यातून उतरवलेल्या काही चिठ्ठ्यांवरून प्रथिनं होतात.
पण कितीतरी लांबलचक चिठ्ठ्या, आरएनएच्या,
त्यांच्यापासून काहीच बनत नाही.
आधीच्या लोकांनी कचरा म्हणून सोडून दिल्या.
मग कळलं, त्या खुणा करतात.
हे बंद करा. ते चालू ठेवा.
खूण चुकली, की गाठीला आवरणारा जीनच मिटतो
आणि पेशी वाढत सुटते,
जागा सोडून मानेत उतरते.

मामाचा हात मानेवरच्या टाक्यांकडे जातो.
इथे थांबायला हवं होतं मी.

तुझ्या तुकड्यातही एक सापडली, मी म्हणते.
असायला हवी त्याच्या नऊपट.
(उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये नावं नसतात, नंबर असतात.
तो नंबर मला ठाऊक असायला नको होता.)
तिच्यामुळे हे झालं, की हे झाल्यामुळे ती वाढली,
अजून सांगता येत नाही.
तंबाखू तर होतीच.

मामा पाटी पुसतो. पूर्वी थुंकीनं पुसली असती,
आता बोट तांब्यात बुडवून.
तिका गप करूक येता?

तिच्यावर नेमकी उलटी अक्षरं बसवायची,
ताटलीतल्या पेशींत जमतं कधी कधी.
तुझ्यासारख्या गाठीत, माणसात,
अजून नाही.

तो बराच वेळ खडू धरून बसतो.
मग लिहितो, वाटो खंय मागता ती?
आणि मी वाचेपर्यंत पुसतोही.

खाली पुळणीवर रापण लागलीय.
कड्यावर कोणी नवा पोरगा,
फडका फार लवकर खाली करतो.
मामाचा हात उठतो, पाटीसकट,
डावीकडे,
अजून डावीकडे.
होडी सरळच जाते.