तथापि

डॉक्टर लेनमध्ये गाडी लावायला जागा नसते,
म्हणून मी वजिराबादेतून चालत येते.
औषधाच्या दुकानावरची खोली,
घरघरणारा पंखा, एक टेबल,
आणि हैदराबादहून रात्री आलेली फाईल.
फाईलमध्ये विषय असतो, शब्दमर्यादा असते,
निष्कर्षसुद्धा असतो, आधीच लिहिलेला.
मी फक्त तिथवरचा रस्ता बांधते.
मुरूम, खडी, डांबर.

लेखकाची जागा कोरी असते. 'नाव नंतर कळवू.'
यंदा नाव आलं ते आपल्याच गल्लीतलं,
डॉ. कौठेवार.
मसुदा त्यांच्याकडे चार दिवस होता.
त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली:
नावापुढची पदवी.

साखरेची गोळी. एकशे बारा पेशंट. चोवीस आठवडे.
एक्केचाळीस नंबरच्या संमतीपत्रावर
सहीच्या जागी अंगठा होता,
शाई जास्त झालेली, कडेनं पसरलेली.
नाव झाकायचं राहून गेलं होतं:
चौत्राबाई, मुखेडकडची.
नर्सनं पेन्सिलीनं तिचं बोलणं तसंच उतरवलेलं,
'पाय सुजायलेत माय. चप्पल शिरंना.'
एकोणिसाव्या आठवड्यापासून ती आलीच नाही.
आमच्या भाषेत, पाठपुराव्यातून गळाली.
चालत्या टेम्पोतून मिरची गळते तशी.

मी लिहिलं: तथापि, तिघींचे पाय सुजले.
(लिहिते इंग्रजीत, सांगते मराठीत.)
समासात लाल शेरा आला: अनावश्यक.
मी लिहिलं: तथापि, सूज सौम्य होती.
शेरा: काढावे.
तिसऱ्यांदा मी वाक्य काढलं,
शब्द तेवढा ठेवला, पुढे स्वल्पविराम,
आणि फाईल पाठवून चहाला खाली उतरले.
खोलीचं भाडं थकलं होतं, तेही सांगून टाकते.

आई पहाटे अभंग म्हणायची.
शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव यायचं.
कशाला सांगतो गं तो नाव? मी विचारलं होतं.
पीठ चाळता चाळता ती म्हणाली,
'चुकलं तर कुणाला धरावं, ते कळाया नको?'

दिवाळीनंतर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा.
डॉक्टर तोवर सिंगापूरला वाचून आले होते.
निवेदक दोनदा म्हणाला, सरांची लेखणी.
मी मागं, सतरंजीच्या कडेला.
छापील प्रती वाटल्या, एक माझ्याही हातात आली.
पान सहा.
तो शब्द होता तिथंच.
एवढंच, की स्वल्पविराम पाहून कुणाला तरी चूक वाटली असावी,
त्यानं पूर्णविराम केला होता.
तथापि.
खाली नवा परिच्छेद, गोळी सुरक्षित असल्याचा.

बाहेर चपलांचा हा ढीग.
माझी लगेच सापडली.
पाय घातला,
लगेच शिरला.