ब्रीदर

पुठ्ठ्यावर रात्रीतून रुपयाएवढा डाग.
पॅकिंग दोनदा बदललं, नाना पेठेतलं, अस्सल.
सासवडची अंजिरं मार्केट यार्डात उतरवेस्तोवर
इंजिनाखाली पुन्हा टिपूस.

हडपसरला शकूर मिस्त्रीनं आधी सगळं रॉकेलनं धुतलं,
मग नातीची पावडर, गुलाबी डब्यातली,
शिंपडली ब्लॉकवर.
"दिवे घाट चढवून आण.
तेल ठिबकतं खाली, सुटतं वरून."

परतलो. पांढऱ्यावर एकच काळी वाट,
थेट टॅपेट कव्हरच्या कडेपर्यंत.
पॅकिंगच की, मी म्हटलं.
तो बोलला नाही.
ब्रीदरचा पाइप काढून ओठांना लावला, फुंकला.
गच्च.

"हिचा श्वासच कोंडलाय.
कुठून तरी फुटणारच ना."

चाळीस रुपये घेतले, वर चहा पाजला.

पुठ्ठा मात्र अजून अंथरतो रात्री.
सकाळी त्यावर
मांजराची पावलं.