आढळ

नोंदवहीला रकाने नऊ :
अनुक्रमांक, गाव, गट नंबर, अक्षांश, रेखांश,
खनिज, अंदाजे साठा, उपयोग, शेरा.
शेरा सगळ्यांत अरुंद.

धुळ्याच्या कार्यालयात पंख्याखाली
मी साक्री तालुक्याची पानं दाबून धरतो.
डोलेराइट. डोलेराइट. मुरूम.
चुनखडी, नाल्याच्या काठानं, एका भट्टीपुरती.
डोलेराइट.
उद्योगांना एवढंच हवं असतं :
किती ब्रास, आणि डांबरी रस्ता किती लांब.
जनतेला काय हवं, त्याला रकाना नाही.
पण मुखपृष्ठावर छापायचंय
‘जनता व उद्योग यांच्या माहितीसाठी’,
आणि त्यात जनता आधी.

कोकिळा मॅडमनी मथळा टाइप केला :
‘जिल्ह्यातील खनिजांचे अढळ’.
काना राहिला.
तीनशे बारा पानांवर राहिला.

निजामपूरच्या पुढं एक डाइक माळावरून सरळ जाते;
रस्ता आडवा आला तर रस्ता वाकतो.
बकऱ्या चारणारा धुडकू म्हणाला, हाई भित कोनी बांधी?
म्हटलं, कुणीच नाही. जमीन तडकली, खालून रस आला,
उभ्या उभ्या निवला.
भोवतालची माती गेली, ही राहिली.
तो बकरीच्या कानातलं गोचीड काढत होता.
मंग बरोबर, म्हणाला, ती तठेच ऱ्हास.
त्या पानावर मी काना घातला नाही.

जुन्या वहीत क्रमांक दोनशे सतरा,
निळ्या शाईत, सोनगीरकरांच्या हातचा :
‘अपोफिलाइट, हिरवट. विहिरीच्या खोदकामात,
पन्नास फुटांवर. स्फटिक अंगठ्याएवढे.’
आकडे नकाशावर टाकले तर बिंदू पडला
बुराई नदीच्या पात्रात.
मग दोनशे एकवीस पाहिला. दोनशे चाळीस.
स्टिल्बाइट, अकीक, पुन्हा अपोफिलाइट,
असे सात. सातही पाण्यात.
डोलेराइट मात्र सगळे जागच्या जागी.
तेव्हा जीपीएस नव्हतं, चूक होणारच, असं म्हणून पाहिलं.
पण चुकीला इतकी निवड नसते.

विहीर नदीपासून पावणेदोन किलोमीटर निघाली.
भुराबाई म्हणाल्या, पाण्याच्या आधी सुरुंगात पोकळी फुटली,
आत हिरवं हिरवं,
जशा कोनी बांगड्या भरी ठेयेल.
साहेब आले होते. पहिल्या दिवशी लिहून घेतलं.
दुसऱ्या दिवशी नुसते बसले, काठावर, चप्पल काढून.
तुकडा मागितला नाही.
मग कुणी व्यापारी आला, गोणपाटात भरून घेऊन गेला,
दोनशे रुपये आणि एक छत्री देऊन.
आता पोकळीच्या जागी सिमेंटचं कडं आहे.

एक राहिलाय.
लोणच्याच्या बरणीवर, दादऱ्यावर वजन म्हणून.
त्यांनी पदराला पुसून हातात दिला.
गार. एका अंगानं मोत्यासारखा,
दुसऱ्या अंगानं पाहिलं तर आत खोल पाणी,
तेलाचं एक बोट उमटलेलं.
मी वजन केलं नाही. काटा पिशवीतच होता.

परत येऊन सातही बिंदू नदीतून बाहेर काढले.
वही लोकांची आहे;
तिच्यात आपल्याला आवडलेलं बुडवून ठेवता येत नाही.
सोनगीरकर, माफ करा.
सहा ठिकाणी पुढच्या महिन्यात कोणी ना कोणी
टिकाव घेऊन पोहोचेल, हे मला ठाऊक आहे.
खाली सही माझी आहे.

दोनशे सतराला मात्र
कोकिळा मॅडम थांबल्या.
साहेब, उपयोगात ‘लोणचे’ असंच ठेवू?
ठेवा.
आणि साठा? किती ब्रास?
एक, म्हटलं.
एक ब्रास?
नाही. एक.