शिलाई

पोर्तोच्या उतारावर, झुल्मिराच्या दुकानात
एक पुस्तक आलंय, कणा मोडलेलं.
कवीचं नाव ती घेत नाही.
म्हणते, "त्याचं."

त्यानं हुकूमशहाची आरती लिहिली त्याच साली
तिचा भाऊ आदेलिनु
पेनिशच्या किल्ल्यात समुद्र ऐकत होता.
दिसत नव्हता.

सुटून आला तेव्हा दात कमी होते
आणि एक कविता तोंडपाठ, बिहीच्या झाडाची.
"कुणाची?"
"त्याचीच. पलीकडच्या कोठडीतला
भिंतीवर टकटक करून
एकेक अक्षर पाठवायचा.
हिवाळाभर पुरली.
माणूस हरामखोर, झुल्मिरा.
बिही खरी."

आज जुना दोरा कापला
तर आरतीची आठ पानं
आपसूक हातात आली.
गिऱ्हाइकाला कळलंही नसतं.
शेगडी पेटलेलीच होती.

बराच वेळ ती तशीच बसली.
मग मेण लावून दोरा ओवला
आणि ती पानं जागच्या जागी शिवली,
जरा जास्तच घट्ट.
बिहीपर्यंत जायचंय ना कुणाला,
जाऊ दे याच दारातून.

संध्याकाळी हातांची खळ धुताना
ओठांवर आली ती झाडाचीच ओळ.
तिनं नळ मोठा सोडला.